बर्फखान्यातली चौतीस मुलं

चोंगपो बंदरातला बर्फाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरी लोक त्या इमारतीला अजून बर्फखानाच म्हणतात. तालुका कचेरीने दारावर ‘युवा केंद्र’ अशी ठसठशीत पाटी लावली आहे. पण युवा केंद्र कुठे, असं कुणी विचारलं तर मासळीबाजारातल्या बायका एकमेकींची तोंडं बघतात. मालसुकबाईंचा बर्फखाना कुठे म्हटलं की चार हात एकदम वर होतात.

प्यो मालसुक. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र धक्क्यावरून बोटीपर्यंत पोचेल असा. मालसुक म्हणजे शेवटची. घरात ही सहावी मुलगी. आता तरी मुली थांबाव्यात म्हणून बापाने हे नाव ठेवलं. त्यानंतर आणखी एक मुलगी झालीच. हे सांगताना मालसुकबाई मांडीवर थाप मारून हसतात आणि म्हणतात, “बापाची पहिली आज्ञा मोडली ती मी. तेव्हापासून सवयच लागली.”

पंधराव्या वर्षी तिला शहरातल्या केसांच्या टोपांच्या कारखान्यात धाडलं. राहायला कारखान्याचीच खोली, एका खोलीत चौदा मुली. दोन आठवड्यांतून एक रविवार सुटीचा. त्या रविवारची ती दोन आठवडे वाट बघायची आणि तो आला की कुठे जायचं ते कळायचं नाही. चहाच्या दुकानात बसायचं तर काही मागवावं लागे. बागेत बसलं तर पोरं छेड काढत. मग ही बाई बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी दिवसभर बसून राहायची. न येणाऱ्या गाडीची. “पायांनी नाही दमले मी त्या शहरात,” ती म्हणते, “बसायला जागा शोधून दमले.”

पुढे एका चर्चच्या तळघरात कामगार मुलींसाठी संध्याकाळची शाळा असल्याचं तिला समजलं. चोरून जायला लागली. सात महिने गेली, भागाकार शिकली, नकाशा वाचायला शिकली. हे तिने फक्त खोल्या सांभाळणाऱ्या मावशींना विश्वासाने सांगितलं होतं. मावशींनी मुकादमाला सांगितलं. मनाने वाईट नव्हती ती बाई. तिला वाटलं, पोरीचं कौतुक होईल. मुकादमाने मालसुकला संध्याकाळची पाळी लावली आणि शाळा सुटली ती अठ्ठावीस वर्षं सुटली.

मधली वर्षं पटकन सांगण्यासारखीच आहेत. ती गावी परतली, बर्फाच्या कारखान्यातल्या फिटरशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली आणि वीस वर्षं धक्क्यावर माकूळ चिरून वाळत घातले. चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेची बाहेरून परीक्षा दिली. मग युवा मार्गदर्शकाच्या सरकारी परीक्षेला बसली आणि नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. नवरा म्हणाला, “अगं, परीक्षक तरी आता निवृत्त होऊ दे.” तिसऱ्या वेळी पास झाली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. वर्षभराने तालुक्याने बर्फखान्यात केंद्र काढायचं ठरवलं आणि त्या जागेसाठी अर्ज करणारी ती एकटीच निघाली.

तर असं हे केंद्र अकरा वर्षं चाललं होतं. पुढच्या दालनात टेबल टेनिस, मागे स्वयंपाकघर, आणि दोघांच्या मधे, जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या रचायचे ती मोठी खोली. तिच्या भिंती हातभर जाड. आत कुणी ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही. नवऱ्याने स्वतः खपून तिथली जमीन खालून तापेल अशी करून दिली. शाळा सुटली की साडेचारच्या सुमाराला मुलं यायची. कुणी चित्रांची पुस्तकं घेऊन आडवं व्हायचं, कुणी कानात गाणी घालून बसायचं, आणि निम्मी मुलं जमिनीच्या उबेवर सरळ झोपून जायची. मालसुकबाई मोठ्या कढईत तांदळाच्या वड्यांचं लालभडक त्तोकबोकी रटरटत ठेवायच्या. “काय करतात मुलं तुमच्याकडे?” असं कचेरीतून कुणी विचारलं की त्या सांगायच्या, “काही नाही. तेच तर करायला येतात.”

गंमत अशी, की यातल्या बहुतेक मुलांनी त्या वेळी दुसरीकडे असायला हवं होतं. चोंगपोमधल्या आया मुलांना शाळा सुटल्यावर अभ्यासिकेत पाठवतात, अभ्यासिकेतून क्लासला आणि क्लासहून आल्यावर पुन्हा पुस्तकापुढे. अभ्यासिकेचे दोन तास तेवढे मुलांच्या हाताला लागत. त्या दोन तासांची चोरी व्हायची आणि चोरीचा माल बर्फखान्यात यायचा. मालसुकबाईंनी म्हणूनच हजेरीचं पुस्तक कधी भरायला लावलं नाही. नाव लिहिलं की ते कधी तरी आईपर्यंत पोचणार, हे त्यांना ठाऊक होतं. मुलांना पहिल्याच दिवशी त्या सांगायच्या, “इथलं इथेच. मी कुणाला सांगणार नाही आणि तुम्हीही एकमेकांचं सांगायचं नाही.”

दोन वर्षांपूर्वी तेओ नावाच्या मुलाचा बाप रस्त्याने जाताना थबकला. दारात काढलेल्या बुटांत त्याला मुलाचे बूट दिसले. त्याने आत येऊन, उठ म्हणायच्या आधी पोराला दंडाला धरून ओढत नेलं. तेओ पुन्हा आला नाही. मालसुकबाई दोन दिवस धुमसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, “आजपासून बूट दारात काढायचे, पण ठेवायचे नाहीत. पिशवीत घालून आतल्या खोलीत न्यायचे.” मग दारात उरले ते फक्त चार जोड. ज्या चार मुलांच्या आजीआजोबांना त्यांच्या येण्याचं काही वाटत नव्हतं, त्यांचे.

आणि इथेच घोटाळा झाला.

एप्रिलमध्ये कचेरीतून पत्र आलं. केंद्राची रोजची सरासरी उपस्थिती चार. पालक संघाच्या अर्जावरून ही जागा तालुक्याच्या नव्या अभ्यासिकेला देण्याचा विचार आहे. गुरुवारी दुपारी चार वाजता सभागृहात बैठक. मालसुकबाईंनी पत्र दोनदा वाचलं, हात पुसले आणि सरळ कचेरी गाठली.

युवा विभागाचे कू साहेब म्हणजे एकोणतीस वर्षांचा सरळमार्गी मुलगा. मालसुकबाईंना बघताच तो उठून उभा राहिला.

“कू साहेब, हे चार कुठून काढलेत? हवेतून?”

“नाही बाई, मी स्वतः येऊन गेलो. तीन वेळा. न कळवता येण्याचा नियमच आहे.”

“मग मला कसे दिसला नाहीत?”

“तुम्ही मागे स्वयंपाकघरात असाल, कढईचा वास येत होता. मी बाहेरचं दार उघडलं, जोड मोजले. तिन्ही वेळा चारच. आतून टेबल टेनिसचा आवाज येत होता, तोही चार जणांचाच वाटला.”

“आणि आत नाही आलात?”

कू साहेबांनी खाली बघितलं. मालसुकबाईंनीही बघितलं. घोट्याच्या वरपर्यंत नाड्या बांधलेले ते उंच बूट होते. सोडायला दोन मिनिटं आणि बांधायला तीन.

आता त्याला तरी काय दोष द्यायचा? आपल्याकडे जन्मल्यापासून माणूस हेच शिकतो. घरात किती पाहुणे आहेत ते दारातल्या जोडांवरून कळतं, त्यासाठी कुणी बैठकीत डोकावून बघत नाही. दुसऱ्या कुठल्या देशातला साहेब असता तर बुटांसकट आत घुसला असता आणि चौतीस डोकी मोजून गेला असता.

“चौतीस येतात,” मालसुकबाई म्हणाल्या. “रोज.”

“मग नावं द्या, बाई. नाव आणि शाळा, एवढंच. मी आज संध्याकाळी आकडा बदलतो. मला काय, केंद्र बंद करायची हौस आहे?”

“नावं नाही मिळणार.”

“मग मी लिहू काय? बाई म्हणतात म्हणून चौतीस?”

त्या तडक परत आल्या. बूट लपवले कुणी, तर आपणच. मुलांना वाचवायला म्हणून केलं आणि त्यातच सगळं बुडणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना गोळा करून लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. ज्यांचे जोड बाहेर असतात त्या चौघांनी लगेच हात वर केले, “आमची नावं द्या, बाई!”

“तुम्ही मोजलेलेच आहात, गाढवांनो,” बाई म्हणाल्या. सगळे हसले, पण बाकीचे हात खालीच राहिले.

कोपऱ्यातून सुलबी पुढे आली. ऑम सुलबी, सोळा वर्षांची. तिच्या आईचं बंदरावर ताज्या माशांचं हॉटेल आहे आणि पालक संघाची अध्यक्षही तीच. अभ्यासिकेचा अर्ज तिनेच केलेला. सुलबी बर्फखान्यात दुसरं काही करत नसे. यायची, भिंतीशी आडवी व्हायची आणि झोपायची.

“बाई, आईला नका सांगू,” ती म्हणाली. “ती मारणार नाही मला. काही बोलणारसुद्धा नाही. नुसती हात बघत बसेल स्वतःचे. ते मला नाही सहन होत.”

“आणि बंद पडलं तर?” मागून एकाने विचारलं.

“ते मी बघते,” मालसुकबाई म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, कचेरीतले लोक आत येऊन डोकी मोजून गेले तर चालेल? नाव विचारणार नाहीत. नुसती डोकी.”

मुलांनी आपापसात कुजबुज केली आणि मान डोलावली.

घरी नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. “नावं दे आणि मोकळी हो. आया चार दिवस ओरडतील, पण जागा तर राहील. तू पोरांचं भलंच करतेयस.”

“त्या मावशीही माझं भलंच करत होत्या.”

“किती वर्षं झाली त्याला!”

“म्हणूनच म्हणते.”

पण गुरुवारी सकाळी, नवरा बाहेर गेल्यावर, त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून नावं लिहायला घेतली. एक, दोन, दहा, वीस. सगळी पाठच होती. चौतिसावं नाव लिहून झालं. पान घडी करून खिशात ठेवलं तर बैठक दहा मिनिटांत संपेल, केंद्र वाचेल, आणि मुलंही कदाचित वर्षभराने माफ करतील. त्यांनी सगळी नावं एकदा वरून खाली वाचली. मग उठल्या आणि पान चुलीवर धरलं. राख सिंकमध्ये गेली, वर पाण्याचा नळ. “आता नाइलाजच झाला,” स्वतःशी म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटलं.

सभागृहात साठेक माणसं जमली होती. कू साहेबांनी आकडे वाचले, चार, चार आणि चार. तालुक्याचे अध्यक्ष बांग यांनी विचारलं, “प्यो बाई, काही म्हणायचंय?”

मालसुकबाई उभ्या राहिल्या. माईक कुणीतरी पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

“आकडा चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. मुलांचे बूट मी लपवले. रोज चौतीस मुलं येतात. नावं सांगणार नाही.”

सभागृहात एकच गलका झाला. पहिल्या रांगेतून सुलबीची आई उठली. भल्या पहाटेपासून मासे साफ करून तिची बोटं सुजलेली होती, तरी अंगात चांगला कोट होता.

“म्हणजे तुम्ही आमच्या मुलांना आमच्यापासून लपवता? खोटं बोलायला शिकवता?”

“लपवते. खोटं बोलायला शिकवत नाही. ते त्यांना आधीच येतं, आणि का येतं ते त्यांना विचारा.”

“बाई, मी अडाणी आहे. माझ्या मुलीने माझ्यासारखं उभं आयुष्य माशांत हात घालू नये, एवढंच मला हवंय. अभ्यासिका झाली तर गावातल्या सगळ्याच मुलांना फुकट बसता येईल. यात माझं काय चुकलं?”

“काही नाही चुकलं,” मालसुकबाई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. “अभ्यासिका काढा, मी जागा शोधायला येते तुमच्याबरोबर. पण ही जागा नाही द्यायची. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत या मुलांना प्रत्येक जण काही ना काही मागत असतो. मार्क मागतो, उत्तर मागतो. काहीच न मागणारी एकच जागा आहे गावात. ती मी सोडणार नाही. अध्यक्षसाहेब, कू साहेब, आत्ता पाच वाजलेत. चला. बूट काढा, आत या आणि डोकी मोजा. नावं विचारायची नाहीत.”

बांग यांनी कू साहेबांकडे बघितलं. बर्फखाना रस्त्यापलीकडेच होता.

“मीही येते,” सुलबीची आई म्हणाली.

हे मालसुकबाईंच्या हिशोबात नव्हतं.

दारात कू साहेब गुडघ्यावर बसून नाड्या सोडत होता, अध्यक्ष भिंतीला धरून बूट काढत होते. सुलबीच्या आईने चपला केव्हाच काढल्या होत्या. पुढच्या दालनात टेबल टेनिस खेळणारे चौघे बॅट धरून तसेच उभे राहिले. आतल्या खोलीच्या दारात मालसुकबाई वाट अडवून उभ्या राहिल्या.

“मोजायला साहेब आणि अध्यक्ष. आया नाहीत.” त्या दोघांना आत सोडून त्यांनी दार लोटून घेतलं.

“माझी मुलगी आत असेल तर?”

“असेल तर ती सांगेल तुम्हाला. मी नाही.”

“मी आई आहे तिची!”

“हळू बोला. आई आहात म्हणूनच सांगते. मी शब्द दिलाय चौतीस जणांना.”

सुलबीची आई एक पाऊल पुढे आली. मालसुकबाई हलल्या नाहीत. दोघींमध्ये हातभर अंतर. मोजून परत येणाऱ्या दोघांची वाट बघत त्या तशाच उभ्या राहिल्या. मालसुकबाईंच्या मनात आलं, ही बाई आता ढकलून आत जाईल, एकीला दंडाला धरून ओढेल, आणि उद्यापासून इथे फक्त चारच मुलं येतील. जाणार असेल तर मला आडवं पाडून जाईल, त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात दार आतून उघडलं. कू साहेब मोज्यांच्या पायांनी, चवड्यांवर चालत बाहेर आला.

“तीस,” तो कुजबुजला. “आणि हे इथले चार. दोनदा मोजले.”

त्याच्यामागे अध्यक्ष यायचे होते, म्हणून दार उघडंच राहिलं. आत पडदे ओढलेले होते. जमिनीवर भिंतीलगत ओळीने बारा-तेरा मुलं झोपली होती. गोधड्यांमधून नुसते पाय बाहेर आले होते. एकीकडचे शेवटचे पाय सुलबीच्या आईला दारातून दिसत होते. ते बघायला तिला पुढे यावं लागलं नाही. लहानपणी ज्यांना मोजे घातले ते पाय आई ओळखणारच.

मालसुकबाईंनी दार लोटायला हात पुढे केला. सुलबीच्या आईने हात वर केला, थांबा म्हणून.

ती ओरडली नाही. तिचे खांदे खाली आले.

“झोपलेत,” ती म्हणाली.

मालसुकबाईंनी पुढे केलेला हात कडीवर ठेवला.

“मला वाटायचं, कुणी मुलगा बिलगा आहे. कुठे जाते, काय करते, मी...” ती थांबली. “रोज झोपतात?”

मालसुकबाई तरीही गप्प. हात अजून कडीवरच.

अध्यक्ष बांग बाहेर आले, त्यांनी घसा साफ केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “आकडा चौतीस धरू. पण पालक संघाचा अर्ज आहे, तो असेपर्यंत मला प्रस्ताव ठेवावाच लागेल.”

“अर्ज मी उद्या मागे घेते,” सुलबीची आई म्हणाली. “अभ्यासिकेला दुसरी जागा बघा.” अध्यक्षांकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ती अजून आतच बघत होती. मग मालसुकबाईंच्या कानाशी येऊन तिने विचारलं, “यांना किती वाजता उठवता?”

“सहाला. साडेसहाला क्लास असतात.”

सुलबीच्या आईने मान डोलावली. दारात जाऊन चपला घातल्या, कोटाची बटणं लावली आणि तिथूनच म्हणाली,

“त्या कडेच्या मुलीला सात वाजता उठवा. क्लासला मी कळवते.”